भूविज्ञानातील संगणक (नाशिक परिसर)

खडक, भूरूपे व भूजल यांविषयी मिळालेल्या निरीक्षणांची संगणकाने केलेली मांडणी, गणन व चित्रण. नाशिक जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशात मोडतो. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे येथील लाव्हाथर डोळ्यांना बहुधा सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करते ते रसायन. नमुना कुटून त्यातील टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्राँशियम इ. मूलद्रव्यांचे प्रमाण काढतात. एकेका नमुन्यामागे असे अनेक आकडे असतात. संगणक ते सर्व एकाच वेळी तोलून नमुना कोणत्या थरगटाशी अधिक जुळतो हे सांख्यिकीने ठरवतो. १९८० नंतर सह्याद्रीत या रासायनिक स्तरक्रमाची घडी बसली. त्यातील एका थरगटाला इगतपुरीचे नाव आहे.

नाशिक–पुणे पट्ट्यातील डाइक, म्हणजे भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या उभ्या भिंती, याच रीतीने लाव्हाथरांशी ताडून पाहिले जातात. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेल्यावर भारताला स्वतःची दूरसंवेदन चित्रे नियमितपणे मिळू लागली. अशा चित्रांत डाइक सरळ रेघेसारखे उमटतात. त्यांवर उंचीचे प्रतिमान व विहिरींच्या पाणीपातळ्या भौगोलिक माहिती प्रणालीत एकावर एक ठेवल्या, की अभेद्य डाइकने भूजल कोठे अडवले असेल याचा अंदाज येतो. अवर्षणप्रवण तालुक्यांत हा अंदाज लाखमोलाचा ठरतो. मात्र शेवटची खातरजमा शिवारात, हातोडा व होकायंत्र घेऊनच करावी लागते.