टपालाच्या थैलीमागची माणसे

स्मरणिकेसाठी रत्नागिरीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे समितीने सांगितले. टिळक, सावरकर, थिबा राजा यांच्यावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहीतच असतो. म्हणून म्हटले, ज्यांच्यावर फारसे लिहिले जात नाही त्या टपाल खात्यातल्या माणसांवर लिहावे.

सुरुवात आपल्या सोसायटीच्या पत्त्यापासूनच करू. त्या पत्त्याखालचा सहा आकडी पिनकोड ज्यांनी देशाला दिला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या केळशीचे. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची गावे, तऱ्हेतऱ्हेच्या लिप्या, अपुरे पत्ते यातून वाट काढण्यासाठी त्यांनी बसवलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. पुष्कळांना गंमत वाटते की साताऱ्याचा पिन 415 ने सुरू होतो आणि रत्नागिरी शहराचा 415612 सुद्धा. कारण पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा विभाग सांगतात, महसुली जिल्हा नव्हे. घाटावरचे आणि घाटाखालचे गाव असे एका विभागात बसले.

पण पिनकोड पत्राला पोस्टापर्यंतच आणतो. तिथून वाडीतल्या घरापर्यंत न्यायला माणूसच लागतो, आणि कोकणात ते काम सोपे नव्हते. 1854 साली डलहौसीच्या काळात अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. म्हणजे शेजारच्या गावाला आणि कलकत्त्याला सारखेच पैसे. सरकारने दर सारखा केला, वाट कशी सारखी करणार? पऱ्ये ओलांडायचे, खाडीवर होडीची वाट बघायची, पावसात डोक्यावर इरले आणि पोटाशी थैली. टपाल भिजवायचे नाही हा पहिला धडा.

आणि थैलीत नुसती पत्रे नसायची, रोकड असायची! 1880 पासून मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले आणि रत्नागिरी जिल्ह्याचे अर्धे संसार तिच्यावर चालू लागले. घरटी एक माणूस मुंबईला, लालबाग-परळच्या गिरणीत. पगार झाला की तो फॉर्म भरायचा, खालच्या कोऱ्या तुकड्यावर दोन ओळी लिहायचा. पुढे पुढे कमिशन वीस रुपयांमागे एक रुपया होते. गावात पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, अंगठ्याला साक्षीदार लागायचा. मग पोच परत मुंबईला. मजकूरही बहुतेक वेळा त्यालाच वाचून दाखवावा लागे, त्यामुळे कुणाचा नवरा किती पाठवतो आणि कुणाचा पाठवत नाही, हे गावात त्याला एकट्याला ठाऊक. ते पोटात ठेवणे हाही नोकरीचाच भाग. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कामगार गावी परतू लागले, तेव्हा मनीऑर्डरी आटल्याचे सर्वांत आधी कळले असेल ते पोस्टमनलाच.

मी आयुष्यभर बँकेत काढली, म्हणून हे जास्त जाणवते. आमचा कॅशियर जाळीआड बसायचा, तिजोरीला दोन किल्ल्या, दारात बंदूकवाला. पोस्टमन तीच रोकड खांद्याला लावून एकटा डोंगर चढायचा. शिवाय 1882 पासून पोस्टात बचत खाते होते. आम्ही बँकवाले खेड्यात खऱ्या अर्थाने पोचलो ते 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर. तोवर गावची बँक म्हणजे पोस्टच, आणि ते बहुधा कुणाच्या तरी पडवीत.

ही पडवी कुणाची, ही खरी सांगण्याची गोष्ट आहे. खेड्यातल्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर बहुतेक ठिकाणी नियमित सरकारी नोकर नव्हताच. त्याला ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणत, लोकांच्या तोंडी ‘ई.डी.’. काम तीन ते पाच तासांचे धरलेले, पोटापाण्याचे दुसरे साधन त्याचे त्याने ठेवायचे, जागाही त्यानेच द्यायची. बहुधा शिक्षक, दुकानदार किंवा बागायतदार असे. कागदावर तीन तास. पण संध्याकाळी कुणी पासबुक घेऊन दारात आले तर ‘ऑफिस बंद’ कसे म्हणणार, घर तर तेच! 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने हे लोक सरकारी नागरी पदावरच आहेत असा निकाल दिला, त्यामुळे चौकशीशिवाय काढून टाकणे थांबले. नियमित वेतनश्रेणी आणि पेन्शन मात्र नाही. 2001 च्या नियमांनी नाव बदलून ‘ग्रामीण डाक सेवक’ केले. नाव भारदस्त झाले एवढेच.

2018 च्या मे महिन्यात देशभरच्या ग्रामीण डाक सेवकांनी बेमुदत संप केला. जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित मोबदला मंजूर केला: चार तासांच्या शाखा डाकपालाला किमान 12,000 रुपये आणि वर महागाई भत्ता. आजही अडीच लाखांहून अधिक माणसे या पद्धतीत आहेत. तास वाढवून यांना पुरते नोकर करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. खर्चाचा मुद्दा सांगतात, पण तोट्यातली ग्रामीण शाखा म्हणजे काय हे बँकेत आम्हीही पाहिले आहे. ती गावाच्या गरजेसाठी चालवायची असते.

काळ बदलला, काम संपलेले नाही. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. जिन्याखालच्या पेट्यांत आता विजेची बिले नि बँकेचे कागद, हस्ताक्षरातले पत्र क्वचितच. पण 1 सप्टेंबर 2018 ला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली तेव्हापासून खेड्यातला डाक सेवक हातात यंत्र घेऊन म्हातारीच्या दारात जातो, बोटाचा ठसा घेतो आणि पैसे मोजून देतो. पूर्वी अंगठ्याला शाई लागायची, आता रेंज लागते, आणि डोंगराआडच्या वाडीत ती मिळेपर्यंत दोघे अंगणात उभे राहतात.