घाण्यामागे पळीभर तेल

भडगावाहून गिरणेच्या काठाने वर गेले की चाळीसगाव तालुक्यातले बहाळ लागते. चाळीसगाव ओलांडून डोंगराच्या कुशीत शिरले की पाटण, म्हणजे पाटणादेवी. भारतीय ज्योतिषातल्या एका थोर घराण्याची वंशावळ या दोन गावांच्या शिलालेखांत कोरलेली आहे.

या विद्येची मुळे फार जुनी. यज्ञाची वेळ चुकू नये म्हणून वेदांगज्योतिषाने पाच वर्षांचे युग मानून सूर्यचंद्राचा मेळ बसवला. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ते खोडून काढले, पण वर्षाचे मान मात्र ३६५.२५८४ दिवस असे नेमके दिले. आजच्या नाक्षत्र वर्षाहून ते अवघी तीन मिनिटे जास्त आहे.

हेच मान पुढे भास्कराचार्यांनी घेतले. शके १०३६, म्हणजे १११४ चा त्यांचा जन्म; छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण झाला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. ग्रह दिवसभरात किती सरकला एवढ्यावर ते थांबले नाहीत, त्या क्षणी त्याची गती किती हेही त्यांनी काढले. चंद्र झपाट्याने चालतो, त्यामुळे ग्रहणाच्या गणितात ही तात्कालिक गती लागतेच. त्यांचे गाव विज्जलवीड, सह्याद्रीच्या पायथ्याचे. ते पाटणजवळचे की दुसरीकडचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

नातवाविषयी मात्र वाद नाही. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. त्याला निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने दान दिले, शके ११२८ संपून श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे १२०७ मध्ये. त्या दिवशी चंद्रग्रहण होते. ज्योतिष्यांच्या मठाला याहून चांगला मुहूर्त कोणता?

पाटणच्या लेखाचा पूर्वार्ध संस्कृत. मठाचा खर्च कसा भागवायचा हे सांगायची वेळ येते तेव्हा तो मराठीत बोलू लागतो, कारण ही कलमे बाजारासाठी आहेत. पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. माल मोजायचा तो मठाच्या मापाने, आणि मापाईतला अर्धा वाटा मठाचा. ग्रहगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा भार अशा रीतीने तेली आणि गिऱ्हाईक यांच्यावर वाटलेला होता.

बहाळचा लेख पंधरा वर्षांनंतरचा, शके ११४४ चा. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती, त्यांचा नातू अनंतदेव. तोही सिंघणाचा ज्योतिषी. बहाळला त्याने भवानीचे देऊळ बांधले. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातील एका अध्यायावर त्याने टीका लिहिली होती, म्हणजे घराण्यात जुने ग्रंथही वाचले जात होते.

यादवांचे राज्य बुडाले, पण ग्रंथ टिकले. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहून पंचांगकर्त्यांचे गणित सोपे केले आणि पुढे ‘लीलावती’वर टीकाही लिहिली. अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली. पाटणचा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला, आणि चांगदेवाच्या मठाचे नाव पुन्हा जगाला कळले.

भास्कराचार्यांची थोरवी सगळे सांगतात. पण आजोबांनी ग्रंथ लिहिला तेवढ्याने तो टिकला नसता. नातवाने शाळा काढली, राजाने कर सोडला आणि पेठेने तेल-सुपारी दिली. भडगाव-चाळीसगावकडच्या शिक्षकांनी आपली मुले एकदा या दोन्ही गावांना न्यावीत आणि आकाशाच्या अभ्यासाचा खर्च आपल्याच मुलखाने कसा उचलला होता, ते त्यांना दाखवावे.