वेळणेश्वरचे पान

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नारळीची दाट राई, पुढे समुद्र, आणि राईत श्रीवेळणेश्वराचे देऊळ. नावाचा अर्थ विचारला की गावकरी सांगतात, नवसाला पावण्यास जो वेळ लावीत नाही तो वेळणेश्वर. एखादा शास्त्री म्हणेल, संस्कृतात वेला म्हणजे समुद्रतीर. तीरावरचा ईश्वर तो वेळणेश्वर. आता शाळेतील मुलांना गावाची माहिती लिहावयास सांगितली, तर त्यांनी यांतले कोणते लिहावे?

ज्या साधनाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचे नावही योगायोगाने 'वेळ न लावणारे' असेच आहे. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीला हे नाव होते. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ते उचलले आणि वाचणाऱ्याला जागच्या जागी दुरुस्त करता येईल असे पान २५ मार्च १९९५ रोजी लोकांपुढे ठेवले. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ चा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा.

दुसऱ्याच्या मजकुरात हात घालणे आपल्याला नवे नाही. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले की, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. पुन्हा कोणी आपली ओवी तीत घालू नये, अशी ताकीदही परंपरेने त्यांच्याच नावावर आहे. त्या नकलाकारांपैकी कोणी काय बदलले, हे आता कोण सांगणार? विकीच्या पानामागे 'इतिहास' नावाची एक वहीच असते. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला ते तीत उमटते आणि जुनी प्रतही काढून पाहता येते. शिक्षकाच्या दृष्टीने खरे धन हेच. निबंधाच्या वहीत लाल शाईची रेघ दिसते. वाक्य कसकसे सुधारत गेले ते दिसत नाही.

परंतु साधन हाती दिले म्हणजे लेखन आले, असे नव्हे. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लिहवून घेण्याचा मोठा प्रयोग झाला. पुष्कळांनी इतरांच्या लेखनातील उतारेच्या उतारे जसेच्या तसे उतरवले. ते शोधून काढता काढता स्वयंसेवक संपादक मेटाकुटीस आले आणि त्याच वर्षी प्रयोग आवरता घ्यावा लागला. मुलांना दोष देण्याची आम्हांला घाई नाही. गाइडातील उत्तर घोकून लिहिणाऱ्याला आपणच वर्षानुवर्षे पैकीच्या पैकी गुण देत आलो. 'स्वतःच्या शब्दांत लिही' असे सांगितले असेल, पण ते कसे करावे हे किती वर्गांत शिकवले?

म्हणून आम्ही सुचवतो ते काम लहान आहे. मुलांनी प्रथम आपल्या वर्गापुरत्याच विकीवर वेळणेश्वरचे पान करावे. एकाने लिहावे, देव नवसाला वेळ लावीत नाही म्हणून हे नाव पडले. दुसऱ्याने त्यापुढे 'असे ग्रामस्थ सांगतात' एवढे तीन शब्द जोडावेत. तिसऱ्याने 'वेला' शब्द कोशात पाहावा आणि कोशाचे नाव देऊन अर्थ घालावा. पहिला रागावेल, त्याचे वाक्य मोडले आहे. त्याने पानाच्या चर्चेत जाऊन खुशाल भांडावे, मास्तरांनी लगेच मध्ये पडू नये. मग महिन्याने 'इतिहास' उघडून साऱ्या वर्गाने ते एकच वाक्य पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचावे.