मॉन्टा गेला, करी राहिला: २०१२ सालच्या एका हुर्योची गोष्ट

१९ मार्च २०१२ ची रात्र. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर, ओरॅकल अरीना खचाखच भरलेलं. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा जुना लाडका खेळाडू ख्रिस मुलिन याची १७ नंबरची जर्सी छताला टांगण्याचा सोहळा चालू आहे. संघमालक जो लेकब दोन शब्द बोलायला माईक हातात घेतो आणि प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायला सुरुवात करतात. ती थांबतच नाही. शेवटी ज्याचा सत्कार आहे तो मुलिनच मध्ये पडतो. मग रिक बॅरी नावाचा आणखी जुना दिग्गज माईक घेऊन प्रेक्षकांना दटावतो, तर हुर्यो अजून वाढते.

कारण काय? सहा दिवस आधी, १३ मार्चला, संघाने मॉन्टा एलिसला मिलवॉकीला देऊन टाकलं होतं. बदल्यात मुख्यतः अँड्र्यू बोगट आला, ज्याचा घोटा जानेवारीतच मोडला होता. आणि ज्याच्या भरवशावर मॉन्टाला जाऊ दिलं, त्या मुलाचाही घोटाच दुखावलेला होता. तो मुलगा म्हणजे स्टीफन करी.

आता तुम्ही हसाल. करीचं पुढे काय झालं ते बास्केटबॉल न बघणाऱ्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट मी संशोधनाच्या ब्लॉगवर सांगतोय. तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्षभरात कुठेतरी पीएचडीला लागाल आणि पहिल्याच सेमिस्टरला लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसाल. तेव्हा सगळ्यात मोठा मोह असतो तो हाच, की शेवट माहीत असताना सुरुवात वाचायची आणि जुन्या लोकांना मूर्ख ठरवायचं. ओकलंडचे ते प्रेक्षक मूर्ख होते का, हा माझा प्रश्न. उत्तर द्यायचं तर १९ मार्च २०१२ च्या पुढचं सगळं झाकून ठेवायला लागतं. करून बघू.

त्या दिवशी हातात काय होतं? मॉन्टा २६ वर्षांचा. २००५ च्या ड्राफ्टमध्ये ४० वा, थेट हायस्कूलमधून आलेला. २००७ मध्ये सर्वाधिक प्रगती करणारा खेळाडू म्हणून त्याला पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी आठव्या मानांकनाच्या वॉरियर्सने ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. हे किती मोठं होतं ते कळायला एवढंच बघा, की १९९४ नंतर २०१२ पर्यंत हा संघ प्लेऑफमध्ये पोचला तो फक्त त्या एका वर्षी. मॉन्टा त्या एकुलत्या एका चांगल्या आठवणीचा शिल्लक राहिलेला तुकडा होता. शिवाय तो रोज खेळायचा. २००९-१० आणि २०१०-११ या दोन्ही हंगामांत दर सामन्यामागे सर्वांत जास्त मिनिटं मैदानावर असलेला खेळाडू तोच, आणि गुणांची सरासरी अनुक्रमे २५.५ आणि २४.१.

दुसऱ्या पारड्यात करी. मॉन्टाचा सौदा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो २४ वर्षांचा झाला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातवा. त्याच्या आधी मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले आणि त्यात करी नव्हता! डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजचा, किरकोळ अंगाचा पोरगा. पहिल्या हंगामात ८० सामने, दुसऱ्या हंगामात ७४. आणि तिसऱ्या, म्हणजे लॉकआउटमुळे ६६ सामन्यांच्या झालेल्या हंगामात, फक्त २६. मे २०११ मध्ये उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झालेली असूनही घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत होता.

आणि वातावरण बघा. मॉन्टाचा सौदा झाला त्याच आठवड्यात, १५ मार्चला, पोर्टलंडने ग्रेग ओडेनला सोडून दिलं. २००७ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, केव्हिन ड्युरंटच्याही आधी निवडलेला. गुडघ्यांपायी पोर्टलंडकडून एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे पूर्ण एक हंगामच. त्याच संघाच्या ब्रँडन रॉयने गुडघ्यांमुळेच तीन महिन्यांपूर्वी निवृत्ती जाहीर केलेली. तेव्हा ‘पोरगा गुणी आहे, पण पाय साथ देत नाहीत’ हे वाक्य त्या हंगामात कुणालाही नवीन नव्हतं. तुम्ही त्या खुर्चीत असता तर तुम्ही काय केलं असतं? मी तरी हुर्यो उडवणाऱ्यांत असतो, खरं सांगतो.

पण इथे थोडं थांबून चाहत्यांचा वाद नेमका कशावर होता ते सुटं करून बघायला हवं, कारण ‘पोटेन्शियल’ या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न कोंबलेले होते. एक, करीचं कौशल्य खरं किती? दोन, त्याचं शरीर टिकेल का? लोक दोन्हींची एकत्र बेरीज करून भांडत होते. या दोन प्रश्नांमागचा पुरावा मात्र पूर्ण वेगळ्या जातीचा होता.

पहिला प्रश्न घ्या. तीन हंगामांत मिळून करीने ८४३ थ्री-पॉइंट फटके मारले आणि ३७२ आत गेले. वही काढा. प्रमाण ४४.१ टक्के. स्टँडर्ड एरर काढायचं सूत्र बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षालाच शिकवलेलं असतं: येतो साधारण १.७ टक्के. म्हणजे ९५ टक्के विश्वासमर्यादा घेतली तर ४०.७ ते ४७.५. लीगची सरासरी तेव्हा ३५ च्या आसपास. (प्रत्येक फटका स्वतंत्र नसतो, बचावपटू बदलतो, कोण कुठून मारतो ते बदलतं, हे सगळं मान्य. गृहीतकं कच्ची आहेत. तरी अंतर एवढं मोठं आहे की कच्च्या गृहीतकांनी ते बुजत नाही.) जोडीला २०१०-११ मध्ये ९३.४ टक्के फ्री थ्रो, लीगमध्ये पहिला नंबर. वॉरियर्सचा आधीचा विक्रम रिक बॅरीचा होता. हो, तोच माईकवाला.

म्हणजे कौशल्याचा प्रश्न २०१२ च्या मार्चमध्ये जवळजवळ सुटलेला होता! फक्त बहुतेक लोक वेगळ्या आकड्याकडे बघत होते. सामन्यामागे गुण या हिशोबात मॉन्टा पुढे दिसतो, कारण चेंडू जास्त वेळ त्याच्या हातात आणि मिनिटंही जास्त. हे मला माझ्या कामामुळे चटकन जाणवतं. मी लिथियम-आयन सेल किती सायकल टिकतील याचा अंदाज बांधायचं काम करतो. पहिल्या शंभर सायकलमध्ये सेलची क्षमता, म्हणजे सगळे जो आकडा बघतात तो, जवळजवळ हलतच नाही. चांगला सेल आणि लवकर मरणारा सेल एकसारखे दिसतात. पण डिस्चार्जच्या व्होल्टेजचा वक्र एका सायकलमधून दुसऱ्या सायकलमध्ये कसा सरकतो ते बघितलं, तर फरक दिसायला लागतो. सगळ्यात जास्त बोलला जाणारा आकडा सगळ्यात जास्त सांगणारा असतोच असं नाही.

आता दुसरा प्रश्न, घोट्याचा. इथे सँपल साइज किती? एक. एक माणूस, एक घोटा. इथे सूत्र चालत नाही. इतरांकडे बघूनच अंदाज बांधायचा, आणि ‘इतर’ म्हणजे कोण ते तुम्ही निवडणार. ओडेन आणि रॉय निवडलेत तर अंधार. ग्रँट हिल निवडलात तर? त्याने घोट्यापायी ऑरलँडोतल्या पहिल्या तीन हंगामांत मिळून ४७ सामने खेळले, चौथा हंगाम पूर्ण गेला. पण याच मार्च २०१२ मध्ये तो वयाच्या ३९ व्या वर्षी फिनिक्सकडून खेळत होता. तिन्ही उदाहरणं खरी. कुठलं आधी आठवतं यावर तुमचं मत ठरतं. आणि ज्यांची दुखापत होऊन ती मुकाट्याने बरी झाली, ज्यांच्याबद्दल कुणी हळहळलंच नाही, ते तर यादीत येतच नाहीत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा अधिकाराने बोलतो. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारला मी एक देखणा ग्राफ दाखवला होता. त्यात तीन सेल नव्हते. ते लवकर मेले होते, आणि मी मनाशी ‘कॉन्टॅक्ट नीट बसला नसेल’ म्हणून ते बाजूला काढले होते. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, जे सेल जास्त टिकले त्यांचे कॉन्टॅक्ट तपासलेत का? नव्हते तपासले. ते तीन परत घातल्यावर ग्राफ देखणा राहिला नाही. माझे चार महिने गेले.

असो. चाहते चुकले हे म्हणणं सोपं, पण तज्ज्ञांना तरी काय वाटत होतं? इथे एक सुंदर समकालीन पुरावा आहे: पैसा. लोक नंतर काय म्हणतात यापेक्षा त्या तारखेला त्यांनी कशावर सही केली ते बघावं. ३१ ऑक्टोबर २०१२ ला करीने चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. त्याच सुमारास त्याच २००९ च्या ड्राफ्टमधला, १८ व्या क्रमांकावर निवडलेला टाय लॉसन डेन्व्हरबरोबर चार वर्षांचे ४ कोटी ८० लाख घेत होता. म्हणजे वॉरियर्सनेही घोट्याची किंमत कापून घेतली होती. करीने ती कापू दिली, कारण त्यालाही खात्री नव्हती. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, त्याच्या त्याच घोट्यावर दुसरी शस्त्रक्रिया झालेली होती. ‘आम्हाला तेव्हाच माहीत होतं’ असं सांगणारे आज कितीही भेटले, तरी त्या करारावर तसं लिहिलेलं नाही.

पुढचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीत आहे. २०१२-१३ मध्ये करी ७८ सामने खेळला आणि २७२ थ्री मारून त्याने रे ॲलनचा २६९ चा विक्रम मोडला. प्रमाण ४५.३ टक्के, आपण वर वहीत काढलेल्या मर्यादेच्या आत. कौशल्य अचानक उगवलं नव्हतं. घोटा टिकला होता. संघाला २०१५ मध्ये, ४० वर्षांनी, विजेतेपद मिळालं. मॉन्टा मिलवॉकी, डॅलस, इंडियाना असा फिरला, डॅलसमध्ये बरा खेळला, पण ऑल-स्टार एकदाही झाला नाही.

याच ड्राफ्टमधली दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही, ती बघा. २००९-१० चा सर्वोत्तम नवोदित करी नव्हता, सॅक्रामेंटोचा टायरीक एव्हन्स होता. पहिल्याच हंगामात सरासरी किमान २० गुण, ५ रिबाउंड, ५ असिस्ट. त्याच्या आधी हे फक्त तिघांनी केलेलं: ऑस्कर रॉबर्टसन, मायकेल जॉर्डन, लेब्रॉन जेम्स. ही नावं ऐकल्यावर सॅक्रामेंटोच्या चाहत्यांनी स्वप्नं बघितली तर त्यांचं काय चुकलं? पुढच्या तीन हंगामांत एव्हन्सची सरासरी दर वर्षी खाली आली आणि २०१३ मध्ये तो संघातून गेला. सॅक्रामेंटोनेही पोरावर विश्वासच टाकला होता, संयमही दाखवला होता. ‘तरुणांवर भरवसा ठेवा’ हा धडा ओकलंडहून घेतलात तर सॅक्रामेंटोला काय सांगणार? एका निकालावरून नियम काढायचा नसतो, हे आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून पास होतो आणि मग चहाच्या टपरीवर विसरतो.

वॉरियर्सचे चाहतेही विसरलेच. २०२० मध्ये संघाने दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइजमन घेतला आणि पुन्हा तेच भांडण, फक्त बाजू उलट्या: आता बहुसंख्य म्हणत होते की थांबा, करीच्या वेळी घाई केली होती आपण. वाइजमन पहिल्या हंगामात ३९ सामने खेळला, दुसरा पूर्ण हंगाम गुडघ्यामुळे गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवलं.

आमच्या लॅबमध्ये यावर दोन तट होते. मी ‘थांबा’वाल्यांत होतो. माझ्या लॅबमेटने तेव्हा एक बरं केलं: दोघांचे अंदाज, टक्क्यांत, तारीख घालून लॅब नोटबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. माझा आकडा ७० टक्के होता. आज विचाराल तर मी शपथेवर सांगेन की मला तेव्हाही शंका होती. पान मात्र ७० च म्हणतं. सध्या त्याच पानावर कुमिंगा आणि मूडीबद्दलचे अंदाज आहेत, आणि त्यांच्याखाली, वेगळ्या शाईत, माझ्या नव्या बॅचमधला कुठला सेल आधी मरेल त्याचा.