६ ऑक्टोबर २०१७ : तालमींच्या गावचा पोरगा विश्वचषकात

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ६ ऑक्टोबर २०१७ रोजी भारताचा संघ फुटबॉलच्या विश्वचषकात पहिल्यांदा उतरला. स्पर्धा १७ वर्षांखालील मुलांची, समोर अमेरिका. सामना भारताने ०-३ असा गमावला, पण आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

कोल्हापूरला हा खेळाडू योगायोगाने मिळाला नाही. तिथे फुटबॉल कंपन्यांच्या नव्हे, पेठांच्या जिवावर चालतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात, पण मैदानात ती फुटबॉल संघांची आहेत. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आणि फुलेवाडीचा संघ. मंगळवार पेठेतल्या पाटाकडीलची शिवाजी पेठेतल्या ‘शिवाजी’शी गाठ पडली की राजर्षी शाहू स्टेडियम भरून जाते. पेठेचा मान पणाला लागतो, वाद होतात, तरी पुढच्या सामन्याला तीच गर्दी पुन्हा हजर!

ब्राझीलच्या आतल्या भागातली छोटी शहरेही आपला क्लब असाच जपतात. सांता कातारिनातल्या शापेको शहराचा शापेकोएन्से १९७३ मध्ये स्थापन झाला आणि २०१४ मध्ये देशाच्या अव्वल साखळीत पोहोचला. कोल्हापूरच्या तालमींना मात्र देशाच्या मोठ्या साखळीत अजून जागा मिळालेली नाही, आणि ही उणीव बोचते.

अनिकेत पुढे इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचला. २०२१-२२ चा करंडक जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता.