काळ्या जमिनीतील परसबागेत पायवाट : उंचसखल जागेची पूर्वतयारी

वणी परिसरातील भारी काळी जमीन कपाशीला चांगली, पण वाट करायला अवघड असते. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात भेगा पडलेल्या जागेवर घाईने फरशी बसवली, तर पावसाळ्यात ती एका बाजूने उचलली जाते आणि हिवाळ्यात पुन्हा खचते. खर्च वाया जातोच, शिवाय घरातील वृद्धांना ठेच लागण्याचा धोका राहतो.

माती तपासा. मोजपट्टी असलेल्या उभ्या काचेच्या भांड्यात १० मिलि बारीक, कोरडी माती मोजून घ्यावी. ती काढून ठेवावी, भांड्यात पाणी भरावे आणि माती हळूहळू त्यात सोडावी. दुसऱ्या दिवशी मातीचा थर १५ मिलिच्या वर गेला असेल, तर ती फुगणारी समजावी. अशा वेळी वरची माती काढण्यावाचून पर्याय नाही.

कामाची वेळ. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली की खोदकाम करावे. ओल्या काळ्या मातीचा चिखल दाबून बसत नाही आणि वैशाखात ढेकळे फुटत नाहीत.

पातळी काढणे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन खुंट्यांना धरावीत. नळीत हवेचे बुडबुडे नसतील, तर दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर थांबते. तेथे खुणा करून दोरी ताणावी. वाट मात्र अगदी सपाट करू नये. १ मीटर रुंदीला एका बाजूस २ सेंमी उतार ठेवावा आणि तो घराच्या भिंतीकडे नव्हे, वाफ्यांकडे असावा.

दोरीखाली जेथे खोलगट भाग दिसेल, तेथे आधी पहारीने चाचपावे. जुना उकिरडा किंवा शेणखताचा खड्डा असल्यास कुजलेला भाग पूर्ण काढावा, कारण तो वर्षानुवर्षे खचत राहतो. उंचवट्याची काळी माती खड्ड्यात ढकलून जागा सपाट करण्याचा मोह बहुतेकांना होतो. दिसायला काम झटपट होते, पण वाट नेमकी तेथेच बसते. ती माती वाफ्यांत पसरवावी आणि खड्डा मुरमाने भरावा.

वाटेच्या संपूर्ण लांबीत २० ते २५ सेंमी खोदावे. हराळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात, नाहीतर त्या सांध्यांतून वर येतात. तळ पाणी शिंपडून धुम्मसने ठोकावा. मुरूम एकदम न टाकता १० सेंमीचे थर देऊन प्रत्येक थर ओलसर करून ठोकावा. १० मीटर लांब, १ मीटर रुंद वाटेला २० सेंमी पक्क्या थरासाठी दबणूक धरून सुमारे २.५ घनमीटर, म्हणजे एक ब्रासला थोडा कमी मुरूम लागतो. मुरूम गौण खनिज असल्याने वाहतूक परवाना असलेलाच घ्यावा.

माती फारच फुगणारी असल्यास तळाच्या १५ सेंमी मातीत वजनाच्या ३ ते ५ टक्के विझवलेला चुना मिसळता येतो. वरील मापाच्या वाटेला तळाची माती साधारण २ टन धरली, तर ६० ते १०० किलो चुना लागेल. कळीचा चुना हाताने मिसळू नये, त्वचा आणि डोळे भाजतात. चुन्यामुळे मातीचा सामू वाढतो, म्हणून लिंबू, संत्र्याच्या मुळांजवळ हा उपाय टाळून मुरमाचा थर वाढवावा.

थर देण्यापूर्वीच ठिबकची नळी ओलांडण्यासाठी एक जाड पाइप आडवा पुरून ठेवावा. उतारावरचे पाणी वाटेला अडत असेल, तर सखल ठिकाणी मोठ्या व्यासाचा आणखी एक पाइप हवा. नाहीतर वाट बांधासारखी पाणी तुंबवते आणि भाजीचे वाफे चिबडतात.

शक्य असेल तर फरशी लगेच बसवू नये. एक पावसाळा मुरमावरूनच ये-जा करावी, जेथे दबेल तेथे भर घालावी आणि मगच फरशी किंवा चुरी टाकावी.