खाद्यतेलांतील भेसळ-परीक्षण

खाद्यतेलात मिसळलेले स्वस्त, निकृष्ट किंवा विषारी तेल प्रयोगशाळेत ओळखण्याच्या पद्धती. छत्तीसगडच्या मैदानात आणि लगतच्या पूर्व विदर्भात धानाच्या ओलीवर जवस घेतात. विदर्भात जवसाचे तेल पूर्वापार खाण्यात आहे, म्हणून परीक्षणाचे मूळ तत्त्व त्यावरूनच समजून घ्यावे.

१०० ग्रॅम तेल जितके ग्रॅम आयोडीन शोषते, ते त्याचे आयोडीन मूल्य. जवसात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असल्याने ते १७० च्या वर जाते. पामोलीनचे ६० च्या आसपास असते. १८० मूल्याच्या जवसतेलात पाचवा हिस्सा पामोलीन घातले, तर आकडा १५६ वर उतरतो आणि भेसळ उघडी पडते.

शेंगदाणा तेल इतके सरळ नाही. त्याची प्रमाणित मर्यादा ८५ ते ९९. सोयाबीन (सुमारे १३०) आणि पामोलीन निम्मेनिम्मे मिसळले, की मूल्य येते ९५. शेंगदाण्याचा थेंबही नसलेले तेल या कसोटीला उतरते! एकाच आकड्यावर निर्वाळा देणे म्हणूनच धोक्याचे. गॅस क्रोमॅटोग्राफीने मेदाम्ले वेगवेगळी मोजली, की सोयाबीनचे लिनोलेनिक आम्ल आणि पामचे वाढीव पामिटिक आम्ल लपत नाही.

रंगकसोट्या जुन्या, स्वस्त आणि आजही उपयोगी आहेत. फुरफुराल व हायड्रोक्लोरिक आम्लाने तिळाचे तेल लाल रंग देते (बोडुइन कसोटी). तुपातले वनस्पती तूप याच कसोटीने पकडता यावे, म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले गेले. सरकीसाठी हाल्फेन कसोटी आहे. पण सरकीचे तेल खूप तापवलेले असेल तर रंग उमटत नाही. रंग आला नाही एवढ्यावरून तेल शुद्ध ठरवू नये.

सर्वांत घातक भेसळ पिवळ्या धोत्र्याची. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा मोहरी तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली. पायांवर सूज आणि धाप ही लक्षणे होती. धोत्र्याच्या तेलातले सँग्विनरीन हे विष अल्प प्रमाणातही बाधते. एवढ्याशा मिसळीने मेदाम्लांचे प्रमाण फारसे हलत नाही, त्यामुळे इथे नायट्रिक आम्ल, फेरिक क्लोराइड किंवा त्याहून सूक्ष्म अशी पातळ थर क्रोमॅटोग्राफी वापरावी लागते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अधिकारी नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. नमुना कोरड्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवणे ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन दाट होते आणि त्याचे आयोडीन मूल्य घसरते. निष्काळजीपणे ठेवलेल्या नमुन्यामुळे प्रामाणिक घाणीवाल्याचे शुद्ध तेलही भेसळीचे दिसू शकते.